शिवेबाहेर गेलेली पुस्तकं

१९८७ सालचा मे महिना, सोमवारची दुपार. रक्कम पाच रुपये. हजर तिघं: मी, माझी थोरली बहीण आणि किरायानं पुस्तकं देणारे एक काका. जागा आदिलाबादच्या बसस्टँडसमोरचा कडुनिंब, जिथं ताई भाजी घेऊन बसायची. काकांनी पाचाची नोट काढली, ताईच्या तराजूच्या पारड्यात ठेवली आणि म्हणाले, "हे तुम्हा दोघांना खाऊला. वह्या वाचतो आणि परत देतो." आम्ही दोन वह्या त्यांच्या हातात दिल्या. माझं वय तेरा, ताईचं सोळा.

एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण ते पाच रुपये कशाचे होते यावर पुढं काका वेगळंच बोलले, आणि तेव्हा हजर असलेल्यांपैकी आम्ही दोघं पोरं होतो आणि तिसरे ते स्वतः.

आमचा मळा गावाच्या कडेला, दीड एकर. वांगी, काकडी, मेथी, हंगामाप्रमाणं जे येईल ते. बाबा पाणी आणि मशागत बघायचे, तोडणी माय करायची आणि विक्री ताईकडे होती. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. पुढचे वर्ग तेलुगूत होते. तिथं वर्षभर गेली, मास्तर काय म्हणतात ते कळेना म्हणून घरी आली. घरी आली तेव्हा बाबांनी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. ताईनं सांगितलं, "मले बाजारात बसू द्या. सहा महिने पाहा. कमी पैसे आणले तर तुमी म्हणान तिथं लगन करतो." सहा महिन्यांनी बाबांनी स्थळाचं नाव काढणं बंद केलं. मराठी, तेलुगू, हिंदी, ज्या भाषेत गिऱ्हाईक भाव करील त्याच भाषेत ती त्याला गप्प करायची. कडुनिंबाखालची ती हातभर जागा तिची स्वतःची होती. आमच्या घरात तिच्याजवळ दुसरं काही स्वतःचं नव्हतं.

काका त्या मे महिन्याच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या गावात आले. साताऱ्याकडचे. त्यांचा भाऊ इथल्या एका बँकेत बदलून आला, त्याच्या मागं हेही आले. बसस्टँडच्या भिंतीला लागून पत्र्याचं खोकं टाकलं, आत दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात तशी पुस्तकं लटकवली. किराया दिवसाला चार आणे. बहुतेक पुस्तकं पोरांची: राक्षस, जादूचे आरसे, पाताळातले राजपुत्र. काका बोलायचे पुस्तकासारखंच, प्रत्येक शब्द पुरा. पोरांना 'बाळ' म्हणायचे. मी त्यांचं पक्कं गिऱ्हाईक होतो.

दुपारी बाजार थंड पडला की मी ताईला वाचून दाखवायचो. एकदा ती वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "हे सगळं राजवाड्यातच काऊन होते रे? आपल्या गावात राक्षसाले जागा नाई का?"

"इथं कुठं राहील तो?"

"काऊन? जिनिंगमधी राहीन. कापसाचं बंद पडलेलं जिनिंग कोणाच्या कामाचं हाय?"

तिथून आमची गोष्ट सुरू झाली.

आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी दारोदार पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता घर झाडून काढायचं, ते मेढे उचलायचे आणि पोरांनी ओरडत ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन फेकायचे: "माशा, डास, ढेकूण, खोकला, राई, रोग घेऊन जाय गे मारबत!" मारबत म्हणजे घरातली सगळी पीडा पदरात घेऊन गावाबाहेर जाणारी बाई. तिला कुणी पाहिलेलं नाही. तिला वर्षातून एकदा हाक मारायची आणि एकदाच हाकलायचं. मागं वळून बघायचं नाही. जे गेलं ते परत गावात आणायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम.

ताईचा मुद्दा हिशेबाचा होता. ती म्हणाली, दरसाल एवढा खोकला, एवढे ढेकूण आपण शिवेबाहेर टाकतो, ते सगळं जातं कुठं? जुन्या लोकांची शीव होती नाल्यापाशी. आता नाल्याच्या पलीकडं जिनिंग झालं, लॉऱ्यांचे गॅरेज झाले, घरं झाली. शीव सरकली. म्हणजे आपण आणि आपल्या आजोबांनी टाकलेलं सगळं आता गावाच्या आत आलं की नाही?

मला अजूनही ती कल्पना ऐकली तेव्हाचा काटा आठवतो. आम्ही रोज थोडं थोडं रचत गेलो. गोष्टीत बंद जिनिंगमध्ये पन्नास वर्षांचा खोकला रुईच्या गाठींत दबा धरून बसलेला असे आणि गाठ फोडली की हमालांच्या छातीत शिरे. ढेकूण माणसाएवढा होऊन खाटेवर बसून व्याजानं रक्त द्यायचा. डासांनी हायवेवर स्वतःची बस चालू केली होती, तिच्यात चढलेलं माणूस पिवळं होऊन उतरे. नालीतून, तेलकट गॅरेजच्या मागून, ट्रकांच्या चाकांमधून एक भाजीवाली पोरगी तिथं जाते. तिच्या हातात शस्त्र एकच, तराजू. ती प्रत्येक पीडेला पारड्यात बसवते आणि वजन करते. कोणती पीडा किती वजनाची हे लोकांना कळलं की तिची भीती तेवढीच उरते, त्याहून जास्त नाही. ही वजनं मी ठरवली होती, बेरजेसकट. शेवटी ती मारबतीसमोर उभी राहते. मारबत म्हातारी, थकलेली, अंगावर गोणपाट. ती म्हणते, मला सगळे हाकलतात, मजुरी कोणी देत नाही. पोरगी तिला मजुरी ठरवून देते, आणि मारबत सगळं ओझं उचलून नव्या शिवेपलीकडं चालू लागते.

ती पोरगी ताईच होती. आम्ही तेही लपवलं नव्हतं. डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग, बसस्टँडसमोरचा कडुनिंब, पितळी मापं, सगळं जसंच्या तसं. पोरं दुपारी ताईच्या पोत्याभोवती उकिडवी बसून ऐकायची. त्यांच्याच तोंडून काकांच्या कानावर गेलं, आणि ते त्या सोमवारी आले.

वह्या परत आल्या नाहीत. मी विचारलं की काका म्हणायचे, "वाचतोय, बाळ." आषाढ उलटला आणि त्यांच्या खोक्यात पहिल्या दोरीवर एक नवं पुस्तक लटकलं. नांदेडला छापलेलं, बत्तीस पानी, पातळ कागद. नाव 'भाजीबाजारातली मारबत'. खाली लेखक म्हणून काकांचं नाव.

मी चार आणे देऊन आमची गोष्ट किरायानं घेतली आणि कडुनिंबाखाली बसून ताईला वाचून दाखवली. सत्तावीस पानांपर्यंत शब्द आमचे होते. त्यापुढं काकांचे. त्यांच्या पुस्तकात तराजू नव्हताच फारसा. शेवटी पोरगी जिनिंगमध्ये पोचते, तोंडावरची कातडी सोलून काढते आणि खाली मारबतीचं तोंड निघतं. गावातले सगळे रोग तीच वांग्यात भरून घरोघर विकत होती. मग एक शूर फौजदार येऊन तिला जाळतो.

गिऱ्हाईक आलं, ताईनं अर्धा किलो काकडी तोलून दिली. मग म्हणाली, "डाग तसाच ठेवला त्यानं."

आठवड्याभरात त्याचे परिणाम दिसले. शाळा सुटली की पोरांचा घोळका कडुनिंबापुढून जाताना ओरडायचा:

"मारबत बसली बे! वांगे नको घेऊ, तोंड सोलते!"

"ए मारबत, खोकला कसा किलो?"

ताई पहिल्या दिवशी उलट बोलली, "तुह्या बापाले ईचार, कालच उधार घेऊन गेला." पोरं हसली, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट आली. पोरांचं ओरडणं वेगळं. पुढं बायका भाजी हातात घेऊन ताईच्या भुवईकडं बघायच्या आणि जुडी खाली ठेवून शेजारच्या पोत्याकडं वळायच्या. एक जण मात्र तोंडावर म्हणाली, "माह्या पोराले ताप हाय माय, रागावू नको, पण घरचे नाई म्हणतात." संध्याकाळी अर्धी टोपली परत यायला लागली.

आम्ही दोघं काकांकडं गेलो. मी ती पाचाची नोट खर्च केली नव्हती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे घ्या. वह्या द्या. आणि हे पुस्तक काढा."

काका चष्मा पुसत म्हणाले, "बाळ, पाच रुपये मी कथेचे दिले. व्यवहार झाला. तुझी बहीण साक्षीला होती."

"खाऊला म्हणालात तुम्ही."

"लहान मुलांना आणखी कसं सांगणार?"

ताई म्हणाली, "गोष्टीचं जाऊ द्या. मले मारबत काऊन केलं?"

"तुला नाही गं. कथेत खरं कुणी नसतं. आणि मुलांना भूत हवं असतं, भाजीवाली नको असते. भाजीवाली त्यांना घरी रोज दिसते."

"मंग माहा डाग तेवढा काऊन ठेवला?"

"त्यामुळंच तर खपतंय," काका म्हणाले. त्यांनी नोट माझ्याकडं सरकवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

ते 'खपतंय' मी आजपर्यंत विसरलो नाही. मनात वाईट हेतू असता तर एक वेळ चाललं असतं. हा माणूस सरळ मालाचा हिशेब सांगत होता, आणि माल माझी बहीण होती.

घरी बाबांना सांगितलं. बाबा खाटेवर बसून पाय चोळत होते. म्हणाले, "लिवलेल्या गोष्टीपाई कोणाशी भांडू मी? पोलिसात जाऊ का? काय सांगू, का पोरीले चेटकी म्हणलं? मंग तर सारं गाव म्हणन." थोड्या वेळानं म्हणाले, "पोळा झाला का माय बसन बाजारात. ताईनं घरी राह्यचं. ते निर्मल गावाकडचं स्थळ अजून हाय म्हणतात."

ताई उठून आत गेली. ती रडली नाही. पितळी मापं चिंचेनं घासत बसली, जरी ती आदल्याच दिवशी घासलेली होती. त्या घासण्याच्या आवाजात मी ठरवलं की हा माणूस आपल्या गावात सुखानं जेवणार नाही.

पोळा जवळ आला होता. मी काकांच्या खोक्यात परत जाऊ लागलो. चार आणे द्यायचे, पुस्तक घ्यायचं, नमस्कार करायचा. काकांना वाटलं पोरगं निवळलं. एक दिवस त्यांनीच विषय काढला. शंभरावर प्रती पडून होत्या, सणाला त्या विकायच्या होत्या.

"पोळ्याला मुलांच्या हातात पैसे असतात का रे, बाळ?"

"पोळ्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी या, काका. गावातली सगळी पोरं 'मारबत, मारबत' ओरडत याच रस्त्यानं जातात."

"मारबत म्हणत? म्हणजे माझ्या पुस्तकाचं—"

"पुस्तकाच्या आधीपासून म्हणतात. पण तुमचं पुस्तक त्याच नावाचं आहे."

त्यांचे डोळे चमकले. "मग मोठा बोर्ड लावला तर?"

"लावा ना. लांबून दिसेल असा लावा. रस्त्याकडं तोंड करून."

मी त्यांना एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. ती पोरं कुठं जातात आणि कशासाठी जातात, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्याकडचं चार वर्षांचं पोरही सांगू शकलं असतं. पण काका पोरांना सांगायचे, विचारायचे नाहीत.

पाट्या रंगवणाऱ्याकडून त्यांनी प्लायवूडचा पुरुषभर उंच बोर्ड करून घेतला. हिरवं तोंड, सुटे केस, हातात वांगी, डाव्या भुवईवर लाल डाग. खाली मोठ्या अक्षरांत 'मारबत'. पोळ्याच्या रात्री बँकेतल्या भावाकडं पुरणपोळी जेवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच येऊन बोर्ड बसस्टँडच्या भिंतीला उभा केला. त्याच्या चारी बाजूंनी दोऱ्या बांधून सगळ्या प्रती लटकवल्या. नुसत्या त्याच प्रती नव्हेत, चांगली चालणारी दुसरी पुस्तकंही, शोभेला.

उजाडलं तेव्हा मी आमचे मेढे घेऊन रस्त्यावर आलो. ताईला म्हणालो, "चाल." ती म्हणाली, "मी नाई येत. मले पाहून पोरं काय ओरडतीन तुले मालूम नाई का?" मी एकटा गेलो. गल्लीगल्लीतून पोरं येऊन मिळत होती, खांद्यावर पळसाच्या फांद्या, हातात फुटके सूप, झिजलेल्या केरसुण्या. ओरडा चढत होता. बसस्टँडपाशी आलो आणि पुढची पोरं थबकली.

एवढी मोठी मारबत आमच्या गावात कुणी कधी बघितली नव्हती. काका शेजारी उभे, नवा सदरा, हातात सुट्या पैशांचा डबा. "या बाळांनो, या! मारबत फक्त दोन रुपये!"

मी तयारी केली होती की पहिला आवाज मीच द्यायचा. पण माझ्या आधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली म्हातारी ओटा सोडून रस्त्यात आली. तिच्या ओट्यावर नुकताच सडा पडला होता. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे पोट्टेहो, डोळे फुटले का तुमचे? एवढी धिप्पाड मारबत गावात उभी ठेवता अन् काड्या शिवेबाहेर नेता? उचला तिले! आधी तिले काढा!"

मग मी ओरडलो. "घेऊन जाय गे मारबत!"

बोर्ड उचलायला आठ पोरं लागली. दोऱ्यांसकट, पुस्तकांसकट. काकांना आधी वाटलं मिरवणूक आहे. ते हसत चार पावलं बरोबर चालले. जिनिंगच्या रस्त्याला वळण घेतलं तेव्हा ते ओरडू लागले, "अरे ठेवा! कुठं नेताय? माल आहे तो माझा!" पोरं त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होती. रेल्वे फाटकापलीकडं गावाचा शेवटचा उकिरडा होता, तीच आता शीव. बोर्ड तिथं उताणा पडला. त्याच्यावर मेढे, सुपं, केरसुण्या. पावसाची भुरभुर होती, पुस्तकं फडफडली आणि चिकटली. बाकीची पोरं मागं न बघता परतली. मी बघितलं. काका चिखलात गुडघ्यावर बसून दोऱ्या सोडवत होते. मला फार बरं वाटलं.

माझा बेत इथपर्यंतच होता. पुढचं काकांनी स्वतः केलं.

तासाभरानं ते सायकल हातात धरून आले. कॅरियरवर पोतं आणि पोत्यात भिजलेली पुस्तकं. ज्या रस्त्यानं मारबत बाहेर गेली त्याच रस्त्यानं ते ती गावात आणत होते, झाडलेल्या, शिंपडलेल्या दारांपुढून. कुणी त्यांना अडवलं नाही, शिवी दिली नाही. ओट्यांवर बसलेली माणसं फक्त उठून आत गेली. बायकांनी लेकरं ओढून घेतली. दारं लागत गेली. काकांना वाटलं असेल, सुट्टीचा दिवस, सगळे जेवायला गेले. त्यांनी पुस्तकं खोक्यात वाळत घातली.

त्या दिवसानंतर त्यांच्या खोक्याकडं एक पोर फिरकलं नाही. भिजलेली तर सोडाच, कोरडी पुस्तकंही कुणी घेईना, कारण ती एकाच दोरीवर होती. चहावाला त्यांना कप वेगळा द्यायला लागला. न्हाव्यानं सांगितलं, आज सवड नाही, आणि रोज तेच सांगितलं. भादव्यात ताप आला. आमच्या गावात त्या दिवसांत ताप दरसाल येतो, हिवताप असतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण गावात चर्चा एकच होती: बाहेर टाकलेलं पुस्तकवाल्यानं परत आणलं. मला कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगायला गेलो नाही. संध्याकाळी शाळेतून येताना मुद्दाम त्यांच्या खोक्यावरून चालत यायचो. ते एकटे बसलेले दिसले की पाय हलके पडायचे. याचं मला आजही वाईट वाटत नाही.

एवढं होऊनही ताईची जागा परत मिळाली नव्हती. पोरांचं ओरडणं कमी झालं होतं, पण कडुनिंबाखाली माय बसत होती आणि पैसे आणताना निम्मे विसरून येत होती. निर्मलच्या स्थळाचा निरोपही येऊन गेला होता.

एका दुपारी काका आमच्या मळ्यात आले. बाबा विहिरीवर होते. ताई आणि मी काकड्या तोडत होतो. काका बांधावरच उभे राहिले.

"मला कुणीतरी सांगेल का," ते म्हणाले, "मी या गावाचं काय बिघडवलंय? माझा भाऊ मला म्हणतो, जेवायला येऊ नकोस, शेजारी बोलतात."

ताईनं त्यांना सगळं सांगितलं. मारबत काय, मेढे काय, परत काऊन आणायचं नाही, सगळं. ते ऐकत गेले आणि मग माझ्याकडं बघितलं.

"तू मला बोर्ड लाव म्हणालास."

"हो," मी म्हणालो.

"तुला माहीत होतं."

"मला माहीत होतं."

मग काका म्हणाले, "तुम्ही दोघांनी लोकांना सांगितलं तर ऐकतील. पोरं तुमचं ऐकतात. काय हवं ते मागा. कथेचे आणखी पन्नास देतो."

पन्नास ऐकून मी तोंड उघडलं. ताईनं माझा दंड धरला.

"गोष्टीचे एक पैसाही नाई घ्यायचे," ती म्हणाली. "घेतले का गोष्ट ह्याईची झाली. मंग खरंच इकली आपण." आणि त्यांच्याकडं वळून, "काका, तुमी मले मारबत केलं. आता मारबतीच्या हातचं घ्या. बाजाराच्या दिवशी, साऱ्याईसमोर. जेवढे वांगे असतीन तेवढे, मी म्हणन त्या भावानं. अन् एक काकडी तिथंच खायची, न धुता."

"आणि मग?"

"अन् गोष्ट कोणाची हाय ते सांगायचं. नाव घेऊन नाई सांगतलं तरी चालन. बोट दाखवा."

"मग लोक माझ्या दुकानात येतील?"

"ते मले काय मालूम? माह्या दुकानात येतीन."

काकांनी टोपी काढली, परत घातली. "बरं," म्हणाले.

बाजाराच्या दिवशी ताईनं मायला घरी ठेवलं आणि स्वतः कडुनिंबाखाली पोतं पसरलं. बाबांना काही सांगितलं नव्हतं. दहाच्या सुमारास बाजार भरला. काका आले तेव्हा त्यांच्यापुढं वाट आपोआप मोकळी होत गेली, आणि ते कुठं जातात हे बघायला मागं माणसं जमली. किराण्याच्या म्हातारीनं स्टूल मागवून घेतलं.

"वांगी कशी?" काकांनी विचारलं.

"चार रुपये."

बाजारात भाव दोनचा होता. मागून कुणीतरी हसलं.

"सगळी द्या."

ताईनं तोलायला घेतलं. एक एक किलो, माप ठेवून, काटा थांबेपर्यंत वाट बघून. नऊ किलो भरलं. मग तिनं काकडी उचलली, पदरालाही न पुसता पुढं धरली. काकांनी ती घेतली, डागाकडं एकदा बघितलं आणि चावली. पुरी संपवली, देठ तेवढा उरला.

"आता बोला," ताई म्हणाली.

"ती कथा," काका हळू म्हणाले, "मी लिहिलेली नाही."

"मोठ्यानं, काका. मागं बस चालू हाय."

"ती कथा मी लिहिलेली नाही! या मुलीची आणि हिच्या भावाची आहे. त्यांच्या कथेत ही मारबत नव्हती. ही मारबतीला काढणारी होती. मी उलटं केलं. खपावं म्हणून."

किराण्याची म्हातारी म्हणाली, "अन् परत आणलं ते?"

"उद्या फाटकापलीकडं नेऊन टाकतो," काका म्हणाले. "यावेळी वळून बघणार नाही."

"आज," म्हातारी म्हणाली.

"आजच," काका म्हणाले. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. मी बाजूला उभा राहून त्यांच्या हाताकडं बघत होतो. त्या हातातून पैसे सुटताना बघायला मी श्रावणापासून थांबलो होतो. एका बाईनं त्यांच्या मागूनच पिशवी पुढं केली. "वांगे संपले काय गं? मंग मेथी दे, दोन जुड्या." ताई म्हणाली, "थांब बाई, आधी ह्याईचं होऊ दे."

नऊ किलो वांगी, चारच्या भावानं छत्तीस रुपये. काकडी आठ आणे. एकूण साडेछत्तीस रुपये रोख, काकांनी माझ्या बहिणीच्या हातात मोजून दिले.